दंडाला लावायचा शुगर सेन्सर: १९७९ पासून इन्शुलिनवर असलेल्या बाईचं मत

आधी मत सांगते, कारणं मागून. दंडाला चिकटवायचा चौदा दिवसांचा शुगर सेन्सर इन्शुलिनवर असलेल्या माणसाला परवडत असेल तर त्याने जरूर घ्यावा. कायम परवडत नसेल तर अधूनमधून लावून बघावा, त्यातूनही पुष्कळ कळतं. नुसत्या गोळ्यांवर ज्यांची शुगर नीट आहे त्यांनी मात्र जाहिराती बघून एवढे पैसे घालू नयेत. त्यांना बोटाची पट्टी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी, एवढं बास आहे. कंपनीचं नाव मी देत नाही. बाजारात मिळणाऱ्या अशा सेन्सरची कामाची पद्धत जवळजवळ सारखीच आहे, आणि मला जे बरं-वाईट आढळलं ते त्या पद्धतीबद्दलच आहे.

माझा अधिकार एवढाच की मी बारा वर्षांची असल्यापासून, म्हणजे १९७९ पासून इन्शुलिन घेते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून आता निवृत्त झाले, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. शुगर बघायच्या जेवढ्या तऱ्हा आल्या आणि गेल्या, त्यातल्या बहुतेक माझ्या हातून गेल्या आहेत.

पेटीत एक गोल चकती असते, जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, आणि ती बसवायचं एक दाबयंत्र. दंडाची मागची बाजू स्पिरिटने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची आणि दाबायचं. टचकन आवाज होतो, दुखत म्हणाल तर नाहीच. केसाएवढी एक तार कातडीखाली अर्धा सेंटीमीटर राहते. ती रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या पेशींच्या भोवतालच्या पाण्यातली मोजते. तासाभराने मोबाइलवर आकडे सुरू होतात. आकड्याशेजारी एक बाण असतो. वर असेल तर शुगर चढतेय, खाली असेल तर उतरतेय, आडवा असेल तर जागेवर आहे. माझ्या मते पैसे वसूल होतात ते त्या बाणात. असं का म्हणते ते सांगायचं तर जुनं सगळं काढावं लागेल.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला. सातवीत असताना दिवाळीनंतर मी वाळत चालले. तांब्याभर पाणी संपवलं की दुसरा तांब्या, आणि रात्री चार-चारदा उठायचं. आईला वाटलं उन्हाळी लागली असेल, म्हणून धने-जिऱ्याचं पाणी झालं. परसात मी लघवीला बसायची तिथे मुंग्यांची रांग लागलेली आजीने बघितली आणि ती एकदम गप्प झाली, कारण तिच्या भावाचं तसंच झालं होतं. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. आबांनी कुणाची तरी जीप धरून मला कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथल्या एका सिस्टरने मोसंबीत पाणी टोचून आईला इंजेक्शन शिकवलं. आई दुसरीपर्यंत शिकलेली. सिरिंजवरचे आकडे तिला वाचता येत होते, तेवढं पुरलं. घरी सोडताना इन्शुलिनबरोबर आणखी एक बाटली मिळाली, निळ्याशार औषधाची. बेनेडिक्टचं द्रावण. पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरात शुगर म्हणजे ती बाटली.

आजच्या पोरांना हे माहीत नाही म्हणून सविस्तर सांगते. काचेच्या नळीत पाच मिली निळं औषध घ्यायचं. त्यात ड्रॉपरने लघवीचे आठ थेंब टाकायचे. नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची, तोंड आपल्याकडे न करता, कारण ते अचानक उसळतं आणि भाजतं. मग नळी पाण्याच्या वाटीत थंड करायची आणि उजेडात धरून रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे जास्त, नारिंगी म्हणजे फार, आणि विटकरी झाला की आईचा चेहरा उतरायचा. सकाळी उठल्यावरची लघवी रात्रभर साठलेली, तिच्यावरून आत्ताचं काही कळत नाही, म्हणून एकदा जाऊन यायचं, अर्ध्या तासाने परत जायचं आणि ती दुसरी तपासायची. शाळा साडेदहाची. त्या अर्ध्या तासापायी माझी वेणी रोज घाईत व्हायची. रंग दोनरेघी वहीत लिहायचे: सकाळ हिरवा, दुपार निळा, रात्र नारिंगी. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत.

आता खरा मुद्दा. निळा रंग आला की घरात सगळ्यांना बरं वाटायचं. पण निळा म्हणजे लघवीत साखर उतरलेली नाही, एवढंच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर चढल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. म्हणजे रक्तात १५० असली तरी नळी निळी, आणि ४० असली तरी नळी निळीच. एकात मी शाळेत पहिल्या बाकावर बसून गणित सोडवते, दुसऱ्यात मी जमिनीवर पडून हातपाय झाडते. नळीला दोन्ही सारखंच. त्या काळात मधुमेहाचं जे भय आम्ही रोज अंगावर घेऊन जगलो ते खाली जाणाऱ्या साखरेचं, आणि तेवढीच एक गोष्ट दाखवायचं साधन घरात नव्हतं.

साधन होती ती आई. रात्री ती माझ्या कपाळाला हात लावायची. ओलं लागलं की हलवून उठवायची, "उठ गं, घाम फुटलाय तुला," आणि मी उठत नसेन तर गाल आणि दाढ यांच्यामध्ये बोटाने गूळ चोळायची. पातळ काही ओतायची नाही, घशात अडकेल म्हणून. सिस्टरने तिला ते बजावून सांगितलं होतं. थंडीत घाम कळायचा. मे महिन्यात सगळ्यांनाच घाम, मग ती मला उठवून नाव विचारायची, बहिणीचं नाव विचारायची, सातचा पाढा म्हणायला लावायची. पाढा अडखळला की गूळ. मी चिडायचे, कधी हात झटकायचे. लग्न होऊन मी कोल्हापुरात येईपर्यंत त्या बाईने सलग झोप घेतल्याचं मला आठवत नाही.

आमच्या भागात गूळ काय आहे ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. घरामागे चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की चुलवाण पेटायचं ते थेट फाल्गुनापर्यंत. काहिलीतला रस उकळून मळी वर आली की गुळव्या ती काढायचा आणि सगळ्या गल्लीला वास लागायचा. गावची पोरं उसाचं कांडं गरम काकवीत बुडवून चोखत उभी असायची. मला तिथे जायला बंदी होती, आणि त्याच गुळाचा एक खडा कागदात गुंडाळून माझ्या परकराच्या नेफ्यात खोचलेला असायचा. चक्कर आली, हात थरथरले, डोळ्यासमोर काजवे चमकले की तोच खायचा. एकच वस्तू एरवी वर्ज्य आणि वेळेला औषध, हे बाराव्या वर्षी मी नीट समजून घेतलं. मोठी माणसं मात्र गोंधळायची. एकदा वर्गात मला कसंतरी झालं आणि मी खडा तोंडात टाकला, तर एका शिक्षकांनी तो थुंकायला लावला, "तुला साखर आहे ना?" म्हणून. त्यांना दोष देत नाही, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण मी पुढे शिक्षिका झाले तेव्हा पहिल्या दिवशी टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा ठेवला, आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथे होता.

लोकांचे सल्ले तर विचारू नका. जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, बिवळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी. आबांच्या चुलतभावाला रॅस्टिनॉनच्या गोळ्या चालू होत्या, तर सगळे म्हणायचे, एवढीशी पोर आहे, तिला सुया कशाला, गोळ्या द्या की. गोळी उरलेल्या स्वादुपिंडाला कामाला लावते. माझ्यात लावायला काही उरलंच नव्हतं. माझ्यासारख्यांचं इन्शुलिन बंद केलं तर माणूस काही दिवसांत जातो. आबा माळकरी. ते औषध जनावरांच्या स्वादुपिंडातून काढतात हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "दुसरं काही हाय का?" डॉक्टर म्हणाले नाही. "मग आणा," म्हणाले, आणि पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. कारल्याचा रस मी प्याले, पण आबांनी सुई एक दिवस चुकू दिली नाही. मी आज हे लिहितेय ती त्यामुळे.

सिरिंज काचेची. ती आणि सुया ॲल्युमिनियमच्या पातेलीत रोज उकळायच्या. आमच्या विहिरीचं पाणी जड, काचेवर पांढरी खर धरायची आणि दट्ट्या अडकायचा, मग व्हिनेगरमध्ये भिजत घालायचा. सुई जाडजूड आणि एकच कितीतरी दिवस. बोथट झाली की आबा ती धार लावायच्या बारीक दगडावर घासायचे, मग कापसावरून ओढून बघायचे. कापसाचा तंतू अडकला म्हणजे टोक वाकलंय, परत घासा. भोकात घाण बसू नये म्हणून उकळून झाल्यावर बारीक तार घालून ठेवायची. इन्शुलिनच्या दोन बाटल्या असायच्या, प्लेन पाण्यासारखी स्वच्छ आणि लेंटे दुधासारखी गढूळ. लेंटेची बाटली हलवायची नाही, तळव्यांमध्ये हळू फिरवायची. आधी स्वच्छ ओढायचं, मग गढूळ. हा क्रम आईने इतक्या वेळा म्हणून दाखवला की आजही माझे हात आपोआप तसेच चालतात. त्या इन्शुलिनने मांड्यांवर खळगे पडले. ते पुढे कमी झाले, पण एक डाव्या मांडीला अजून आहे.

फ्रिज गावात कुणाकडेच नव्हता. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डब्यात, आणि डबा पाण्याच्या माठात. महिन्याचं इन्शुलिन आणायला आबा एसटीने कोल्हापूरला यायचे. रंकाळा स्टँडवर उतरून चालत सीपीआरजवळच्या औषध दुकानांत. उन्हाळ्यात थर्मासमध्ये बर्फ, आणि बाटली बर्फाला चिकटू नये म्हणून भोवती टॉवेल, कारण इन्शुलिन गोठलं की फुकट गेलं. दुकानात माल नसला की दुसरं दुकान, तिसरं दुकान. एकदा संपत आलेली बाटली आणि पुराने बंद झालेला रस्ता असा योग आला होता, तेव्हा गावातल्या एका पैलवानाने पाण्यातून पलीकडे जाऊन आणून दिली. २०१९ च्या ऑगस्टात महापुराने हायवे बंद पडला, लाइट गेली, तेव्हा मी आईसारखीच बाटल्या माठात ठेवल्या. माठ अजून घरात आहे, त्याचा उपयोग मला माहीत आहे.

मधली वर्षं भरभर सांगते. लग्न ठरवताना आबांनी एकालाही अंधारात ठेवलं नाही, त्यामुळे बरीच स्थळं परत गेली. जे आले त्यांना सगळं माहीत होतं. गर्भारपण अवघड गेलं, पण मुलगी धडधाकट झाली. माणसाच्या इन्शुलिनसारखं बनवलेलं इन्शुलिन आलं, वापरून टाकायच्या सुया आल्या (आम्ही त्या टाकत नव्हतो, पण बारीक तरी होत्या), पेन आलं.

शुगर बघायला आधी रंगाच्या पट्ट्या आल्या. बोटाचा मोठा थेंब पट्टीवर पसरायचा, घड्याळाकडे बघून मिनिटाने कापसाने पुसायचा, आणखी थांबायचं, आणि डबीवरच्या रंगांशी जुळवायचं. महाग म्हणून ब्लेडने एका पट्टीच्या उभ्या दोन करायच्या. रंग हिरवट की निळसर यावर माझी आणि ह्यांची रोज चर्चा. तरी पण ते रक्त होतं. पहिल्यांदा खालची साखर डोळ्यांना दिसली. नंतर ग्लुकोमीटर आला आणि चर्चाच संपली.

त्याच सुमारास, १९९३ मध्ये, अमेरिका आणि कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १,४४१ जण, सगळे माझ्यासारखे टाइप वन, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही असे. दिवसातून अनेकदा शुगर बघून, जास्त वेळा इन्शुलिन घेऊन ज्यांनी ती कडक सांभाळली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं. मूत्रपिंडं, नसा यांचंही नुकसान निम्म्याच्या आसपास घटलं. माझ्या डॉक्टरांनी ते मला कागदावर आकडे काढून समजावलं. ऐकताना मला आधी वह्या आठवल्या, त्यातले सगळे नारिंगी आणि विटकरी, आणि पुढे काही वर्षांनी डोळ्यांना लेसर करावा लागला तेव्हा परत आठवल्या. पण त्याच अभ्यासाचा दुसरा आकडाही डॉक्टरांनी लपवला नाही. कडक सांभाळणाऱ्यांना साखर एकदम खाली जाऊन दुसऱ्याची मदत लागण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट आले होते. म्हणजे वरची साखर आवरायला जावं तर खालची टपून बसलेली. बोटाची पट्टी त्या क्षणाचा आकडा देते. १०५ दिसलं की आपण निजतो. ते १०५ वर चाललंय की खाली, हे पट्टी सांगत नाही.

सेन्सरचा बाण ते सांगतो. १०५ आणि बाण आडवा असेल तर मी झोपते. १०५ आणि बाण सरळ खाली असेल तर आधी काहीतरी खाते. इतकी वर्षं हा रोग सोबत असला की शरीराच्या सूचनाही बोथट होतात. पूर्वी ६५ ला हात थरथरायचे, घाम यायचा. आता ५० पर्यंत मला काही कळतही नाही, डोकं मात्र चालेनासं होतं. डॉक्टर म्हणतात जुन्या पेशंटांत हे बऱ्याचदा होतं. अशा माणसाला रात्री वाजणारा अलार्म म्हणजे काय ते मी सांगायला नको. माझा ७० ला वाजतो. त्याच वेळी पुण्यात मुलीच्या फोनवरही वाजतो, आणि मी उचललं नाही तर ती शेजारच्या काकूंना फोन लावते. "आई, बाण खाली आहे, खाल्लंस का?" एवढंच तिचं वाक्य असतं.

आता या चकतीने मला नव्याने काय दाखवलं. सकाळची शुगर वर असली की रात्री काहीतरी जास्त खाल्लं असणार, असं मी आयुष्यभर ऐकत आले. आलेखात स्पष्ट दिसलं की रात्रभर रेघ सपाट आहे आणि पहाटे चार-साडेचारला, मी गाढ झोपेत असताना, ती आपोआप चढायला लागते. पहाटे शरीरातले हार्मोन वाढतात, त्याने हे होतं. रात्रीच्या इन्शुलिनची वेळ डॉक्टरांनी बदलली आणि ते बरंच आवरलं.

रविवारी तांबडा-पांढरा केला की जेवल्यावर दोन तासांनी माझी पट्टी नेहमी छान यायची. सेन्सरने दाखवलं की मटणाची आणि तेलाची चढण उशिरा येते, रात्री बारा-एकला, जेव्हा मी कधीच बोट टोचलं नव्हतं. मिसळीत कट आणि मटकी तेवढं वर नेत नाहीत, सोबतचा पाव नेतो. आता मी मिसळ खाते, पाव अर्धाच घेते. नवरात्राच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर भातालाही मागे टाकते, वरीही तीच गत. ज्वारीची भाकरी, आमटी, पालेभाजी, ताक या जेवणाला रेघ संथ चढते आणि संथ उतरते. रंकाळ्याला संध्याकाळी फेरी मारताना अर्ध्या वाटेत बाण खाली वळतो, म्हणून निघताना दोन बिस्किटं खाऊनच निघते. दर माणसाचं हे वेगळं येईल, माझं बघून कुणी आपलं इन्शुलिन ठरवू नका.

दोष. दोष बरेच आहेत आणि दुकानदार ते सांगत नाहीत.

त्या हातावर झोपलं की चकती दाबली जाते आणि खोटी खालची शुगर दाखवते. माझा अलार्म रात्री दोनला ४८ म्हणून वाजला, बोटाची पट्टी केली तर ११२. कूस बदलल्यावर आकडा आपोआप सुधारला. म्हणून आकडा आणि अंगाची स्थिती जुळत नसेल तर बोट टोचून बघायचं, ग्लुकोमीटर माळ्यावर टाकायचा नाही. शुगर भराभर बदलत असते तेव्हा सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. गूळ-साखर खाल्ल्यावर रक्त सुधारतं, मोबाइल मात्र अजून खालीच दाखवतो, आणि घाबरून माणूस आणखी खातो. पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि पंधरा मिनिटं थांबून बोटाची पट्टी बघायची. पहिल्या दिवसाचे आकडे माझ्या अनुभवात कमी भरवशाचे, त्यावर मोठे निर्णय घेऊ नयेत. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सरचा आकडा खोटा वर जातो, पेटीतल्या कागदावर ते लिहिलेलं असतं, पण अक्षर इतकं बारीक की भिंग घ्यावं लागतं.

बायकांसाठी एक वेगळं सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. ब्लाउजच्या बाहीची कड नेमकी चकतीवर येते. काढता-घालताना ती अडकते, आणि माझा एक सेन्सर तसाच मुदतीआधी निघाला. दंडावर दोन-तीन बोटं वर लावला तर बाहीच्या आत पूर्ण जातो, आणि बाही थोडी सैल शिवून घ्यावी. पावसाळ्यात चिकटपणा कमी पडतो. वरून लावायची पारदर्शक पट्टी मिळते, ती लावावी. केएमटीच्या बसमध्ये गर्दीत कुणाच्या पिशवीचा पट्टा ओढला जातो तेवढं सांभाळावं. कातडी नाजूक असेल तर चिकटपट्टीची खाज येते. मला तेवढ्या भागावर लाली आली, म्हणून दर वेळी हात बदलते.

सगळ्यात मोठा दोष पैसा. मी घेते त्याची किंमत पाच हजारांच्या आसपास. वर्षभर सलग लावायचं तर सव्वीस सेन्सर, म्हणजे एक लाख तीस हजार, त्यात इन्शुलिन आणि सुया वेगळ्या. पेन्शनमध्ये हे बसत नाही. मी तो नवरात्रात लावते, आजारपण आलं किंवा इन्शुलिन बदललं की लावते, मुलीकडे प्रवासाला जाताना लावते. मधल्या काळात बोटाची पट्टी. भोगावतीकाठच्या एखाद्या पोरीच्या बापाला मात्र अधूनमधूनही हे झेपणार नाही, आणि तिच्याच आईला रात्री कपाळाला हात लावत बसावं लागणार. चष्म्याच्या महागड्या फ्रेमसारखी ही हौसेची वस्तू नाही. टाइप वनच्या मुलांना ती सरकारी दवाखान्यातून मिळाली पाहिजे, असं मी ठामपणे म्हणते.

घेणाऱ्यांनी दुकानात इतकं विचारावं. याला अलार्म आहे का, की आपण मोबाइल जवळ नेला तरच आकडा दिसतो? जुन्या प्रकारात अलार्म नसतो, आणि रात्रीसाठी घेत असाल तर त्याचा उपयोग नाही. आपल्या मोबाइलवर ॲप चालतं का, हे पैसे देण्याआधी तिथेच बघून घ्यावं. मुदत किती उरली आहे ती पेटीवर वाचावी. मुदतीआधी निघाला तर बदलून मिळतो का ते विचारावं आणि पावती जपून ठेवावी, ती तेव्हा लागते. दुकानात आहातच तर सिरिंजही तपासा. बाटलीतलं इन्शुलिन ४० चं, म्हणजे एका मिलीत ४० युनिटचं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० चं असेल तर केशरी. लाल सिरिंजमध्ये १०० चं भरलं तर दहाच्या खुणेला पंचवीस युनिट जातात, आणि ते निस्तरायला कुठलाही सेन्सर पुरा पडत नाही.

घरात शाळकरी मूल इन्शुलिनवर असेल तर अलार्मचाच घ्या. वर्गातल्या बाईंना किंवा सरांना प्रत्यक्ष भेटून बाण दाखवा. खाली वळला तर दप्तराच्या पुढच्या कप्प्यातला ग्लुकोजचा पुडा द्यायचा, मुलाला एकट्याला घरी पाठवायचं नाही, आणि तोंडातलं गोड थुंकायला लावायचं नाही, हे तीनदा सांगा. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, आपला फोन नंबर घालून, तो कागद हजेरीपटात ठेवायला द्या.